माझ्या पेशी, धाकट्याचं अंग

मी बबीन्यातून बोलतोय. झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर हे कॅन्टोन्मेंट लागतं. आमचं घर झाशीत आहे. बायकोचं माहेर तिथलं, पेशव्यांच्या काळात बुंदेलखंडात आलेल्या मराठी घरांपैकी एक. रेकॉर्डिंग मात्र मी हट्टानं बबीन्यात करायला सांगितलं, कारण आज सांगायची गोष्ट माझ्यासाठी इथं सुरू झाली. मध्येच लांबून धडधड ऐकू आली तर दचकू नका. फायरिंग रेंज आहे.

आधी एक कबुली. मी रणगाड्यांवरचा माणूस. पदवी खडकवासल्याच्या एनडीएतली, बी.एस्सी., आणि त्यात जीवशास्त्राचा गंध नव्हता. विषय मात्र जीवशास्त्राचा आहे: स्टेम सेल ट्रान्सप्लांट झाल्यावर दात्याच्या पेशी कधी कधी रुग्णाच्याच शरीरावर का उलटतात, आणि त्यात दात्याच्या जीन्सचा हात किती. हे मी पुस्तकांतून शिकलो ते नंतर. आधी घरात शिकलो. दाता मी होतो.

2010 ची गोष्ट. मी तेव्हा पन्नाशीत होतो आणि इथे रेंजवर रेजिमेंटचा सराव चालू होता. दुपारी फोन आला. धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर, अॅक्यूट मायलॉइड ल्यूकेमिया. वय त्रेचाळीस. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, केमोथेरपीनं आजार दबेल, पण पुन्हा उठायची शक्यता मोठी आहे, तेव्हा बोनमॅरो ट्रान्सप्लांट करावं लागेल. भावंडांनी तपासणीला या.

आम्ही तिघं. मी थोरला, मधली बहीण, मग धाकटा. तपासणी कसली, तर एचएलएची. हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर एचएलए नावाची प्रथिनं असतात. पेशीच्या आत जी काही प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे ही एचएलए तबकात ठेवल्यासारखे बाहेर मांडून दाखवते. टी-पेशी नावाचे आपले पहारेकरी फिरत असतात. ते तबकही बघतात आणि तबकातला तुकडाही बघतात. ओळखीचं असलं तर पुढे जातात. नसलं तर हल्ला. रात्री आपल्या छावणीच्या गेटवर संतरी ओरडतो ना, "थम! कौन आता है?", तसंच. तबकाचे नमुने जगात हजारो आहेत. त्यांचे जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर एकमेकांना चिकटून बसलेले असतात, म्हणून ते बहुधा गठ्ठ्यानंच वारशात येतात: एक गठ्ठा आईकडून, एक वडिलांकडून. आईचे दोन गठ्ठे, वडिलांचे दोन, म्हणजे मुलांत चार जोड्या शक्य. तुमच्या सख्ख्या भावंडाची जोडी तुमच्याशी हुबेहूब जुळायची शक्यता चारात एक.

आमच्या घरी नवल घडलं. मीही जुळलो आणि बहीणही जुळली. दहापैकी दहा, दोघांचंही. आई देवापुढे साखर ठेवून आली. आणि तिथूनच घरात एक कुरबूर सुरू झाली, जी पुढे बरीच वर्षं पुरली.

डॉक्टरांनी मला निवडलं. बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, तब्येतीनं ठणठणीत. तिनं विचारलं, मी का नाही? डॉक्टरांनी सरळ सांगितलं: तुम्हाला तीन मुलं आहेत, त्यांतले दोन मुलगे, आणि पेशंट पुरुष आहे. बहीण बाहेर आली आणि व्हरांड्यात मला म्हणाली, "दादा, माझी बाळंतपणं आता दोष झाली का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फौजी पद्धतीनं म्हणालो, डॉक्टर सांगतात ते करायचं. चुकलंच माझं. तिला हुकूम नको होता, कारण हवं होतं.

ते कारण आज सांगतो. तबक सारखं असलं तरी तबकातला माल सारखा नसतो. सख्खी भावंडं झाली तरी बाकीचे बावीस क्रोमोसोम आहेतच, त्यांत कितीतरी ठिकाणी एखाद्या अक्षराचा फरक असतो. त्या फरकामुळे प्रथिनाचा एखादा तुकडा वेगळा निघतो आणि तबकात येऊन बसतो. यांना मायनर हिस्टोकम्पॅटिबिलिटी अँटिजेन म्हणतात. नाव मायनर आहे, करणी नेहमी मायनर नसते. त्यातला सगळ्यात ढळढळीत फरक वाय क्रोमोसोमचा. पुरुषाच्या पेशींत वायवरच्या जीन्सची प्रथिनं असतात, बाईच्या नसतात. म्हणून बाईच्या टी-पेशी पुरुषाच्या शरीरात गेल्या की ते तुकडे त्यांना परके वाटू शकतात. याला एच-वाय म्हणतात. हॉलंडमधल्या लायडनच्या एल्स गूल्मी या संशोधिकेनं 1976 मध्ये याचा माणसातला पुरावा दाखवला. तिथे उलट प्रकार होता. एका बाईला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली होती, एचएलए तंतोतंत जुळलेली, आणि तरी तिच्या शरीरानं ती नाकारली. तिच्या रक्तात पुरुषाच्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी सापडल्या.

आता बाळंतपणाचं. मुलगा पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात. आईचे पहारेकरी त्या बघतात आणि काही जण ती ओळख जन्मभर लक्षात ठेवतात. एरवी त्याचं काही बिघडत नाही. पण हेच अनुभवी पहारेकरी ट्रान्सप्लांटमधून एखाद्या पुरुषाच्या शरीरात गेले, तर नवख्यांपेक्षा लवकर बंदूक उचलतात. म्हणून मुलं झालेली बहीण दाता आणि भाऊ रुग्ण असेल, तर विशेषतः दीर्घकाळ चालणाऱ्या त्रासाचा धोका वाढतो. दोष नव्हे हा. उलट तिच्या शरीराची स्मरणशक्ती चांगली आहे, इतकाच त्याचा अर्थ. हे वाक्य मला 2010 मध्ये सुचलं असतं तर बरं झालं असतं.

माझं दान तसं किरकोळ होतं. पाच दिवस इंजेक्शनं, त्यानं मज्जेतल्या स्टेम सेल रक्तात उतरतात. हाडं ठणकतात, ताप आल्यासारखं होतं. मग चार-पाच तास मशीनला जोडून पडायचं. एका हातातून रक्त जातं, मशीन हव्या त्या पेशी काढून घेतं आणि उरलेलं दुसऱ्या हातात परत. मी पडल्यापडल्या क्रिकेट बघितलं. धाकट्याचं मात्र आधी आठवडाभर जबर केमो देऊन स्वतःचं सगळं रक्त तयार करणारं कोठार रिकामं केलेलं होतं. मग माझ्या पेशींची पिशवी. दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी वाढायला लागल्या. वॉर्डात पेढे वाटायचे की नाही यावर चर्चा झाली.

तिसऱ्या आठवड्यात त्याच्या तळहातांना खाज सुटली. मग तळपाय, कानामागे, छाती. लाल पुरळ. मग जुलाब, दिवसात मोजता येणार नाहीत इतके. डॉक्टर म्हणाले, जीव्हीएचडी. ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. ग्राफ्ट म्हणजे मी. होस्ट म्हणजे माझा भाऊ.

सैन्यात आम्ही सगळ्यात जास्त कशाला घाबरतो माहीत आहे का? शत्रूच्या गोळीला नाही. आपल्याच तोफेचा गोळा आपल्याच माणसांवर पडण्याला. इथे रेंजवर लाल झेंडे, वायरलेसवर दोनदोनदा खात्री, हा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. आणि माझ्याच शरीरातून निघालेली कुमक माझ्या भावाच्या आतड्यावर मारा करत होती. मी काचेपलीकडे उभा. बहीण माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मग माझंच का नाही घेतलं?" टोमणा नव्हता तो. पण लागला.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो.

या आजाराची व्याख्या करणारा माणूस, रूपर्ट बिलिंगहॅम, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात अधिकारी होता हे वाचून मला उगाच बरं वाटलं. त्यानं 1966 मध्ये तीन अटी मांडल्या. दिलेल्या पेशींत लढू शकणारे पहारेकरी हवेत. रुग्णाच्या अंगात असं काहीतरी हवं जे दात्याच्या अंगात नाही. आणि रुग्ण इतका दुबळा हवा की तो आलेल्यांना हुसकावून लावू शकत नाही. या तीन अटी आजही टिकून आहेत. यातली दुसरी अट म्हणजे आपला विषय. फरक कुठे आहे आणि किती आहे, ते जीन्स ठरवतात.

त्याआधी महायुद्धातच, 1943 मध्ये, ग्लासगोत मेडावर आणि गिब्सन यांनी भाजलेल्या एका बाईला तिच्या भावाची कातडी लावून पाहिली होती. पहिली गळून पडली. त्याच भावाची दुसऱ्यांदा लावली तर ती आणखी लवकर गळाली. शरीर लक्षात ठेवतं, हे तिथे कळलं. आणि भावाबहिणीचं नातं पेशींना दिसत नाही, हेही.

आपल्याकडे हे काम मुंबईत सुरू झालं. मार्च 1983 मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं. नऊ वर्षांची मुलगी, मायलॉइड ल्यूकेमिया, दाता तिचा भाऊ. अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यापासून व्हीलचेअरवर. मेडिकलला प्रवेश मिळवण्यासाठीसुद्धा त्यांना झगडावं लागलं. अमेरिकेतल्या सिअॅटलला डॉनल थॉमस यांच्याकडे ते ही विद्या शिकून आले. थॉमस यांना पुढे 1990 मध्ये नोबेल मिळालं. माझ्या धाकट्यासारखी कितीतरी माणसं आज चालती-बोलती आहेत, त्यामागे व्हीलचेअरवरच्या त्या माणसाची जिद्द आहे. फौजेत आम्ही अशा माणसाला उभं राहून सॅल्यूट करतो.

आता ज्या गोष्टीनं माझ्या मनातली बोच काढली, ती सांगतो. थॉमस यांनी 1959 मध्ये ल्यूकेमिया झालेल्या दोन मुलांचं काम प्रसिद्ध केलं. दोघांनाही त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडाची अस्थिमज्जा दिली होती. एकसारखी जुळी म्हणजे जीन्स अगदी सारखे. कुठलाच फरक नाही, त्यामुळे पेशींचं भांडण नाही. आदर्श दाता वाटावा, नाही का? काही महिन्यांत दोघांचाही ल्यूकेमिया परत आला. नंतर 1979 मध्ये सिअॅटलच्याच मंडळींनी दाखवलं की ज्या रुग्णांना जीव्हीएचडी होतो, त्यांच्यात ल्यूकेमिया परत यायचं प्रमाण कमी असतं. आणि 1990 मध्ये जगभरातल्या नोंदी एकत्र करून पाहिलं तर तेच: जुळ्याकडून घेतलेल्या, किंवा टी-पेशी काढून टाकलेल्या मज्जेनंतर आजार जास्त उलटतो.

म्हणजे काय? तर दात्याच्या ज्या पेशी रुग्णाच्या कातडीला परकी समजतात, त्याच पेशी लपून बसलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही परक्या समजून टिपतात. हात तोच, बंदूक तीच. धाकट्याला वाचवायला केमो पुरेशी नव्हती म्हणूनच तर माझ्या पेशी बोलावल्या होत्या. अगदी माझ्यासारखाच असता तो, तर माझ्या पेशींनी त्याला काहीच केलं नसतं. त्याच्या आजारालाही नाही.

हे मी बहिणीला फोनवर समजावलं. ती शिक्षिका आहे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग डॉक्टर आधीच का मोजत नाहीत, किती फरक चालेल ते?" प्रश्न अचूक होता, आणि गेली वीसेक वर्षं शास्त्रज्ञ त्याच्याच मागे आहेत. त्यातलं एक काम मला फार आवडतं, म्हणून थोडा वेळ घेतो.

आपल्या शरीरात आयएल-10 नावाचा पदार्थ असतो, तो दाह शांत करतो. ब्रेक समजा. काही माणसांच्या त्याच्या जीनमध्ये एक फरक असतो. सिअॅटलच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की रुग्णाच्या जीनमध्ये तो फरक असेल तर गंभीर जीव्हीएचडी कमी होतो. पण ब्रेक नुसता दाबून भागत नाही, चाकाला लागावाही लागतो. चाकं दात्याची! म्हणून 2005 मध्ये त्याच गटानं दात्याच्या पेशींवरच्या रिसेप्टरचा, म्हणजे ब्रेक ज्याला लागतो त्या भागाचा, जीन तपासला. तिथेही फरक निघाला, आणि रुग्णाचा चांगला ब्रेक आणि दात्याचं चांगलं चाक एकत्र आलं तर संरक्षण आणखी वाढत होतं. चाळीस-पन्नास टनांचा रणगाडा उतारावर थांबवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण लगेच बाजारात अशी टेस्ट शोधायला जाऊ नका. दाता निवडताना आजही पाहतात ते एचएलए, दात्याचं वय, स्त्री की पुरुष आणि बाळंतपणं, सीएमव्ही विषाणूची तपासणी, रक्तगट. बाकीचे जीन्स अजून अभ्यासाच्या टेबलावर आहेत, कारण एका ठिकाणचा निकाल दुसऱ्या ठिकाणी टिकतोच असं नाही. उदाहरणार्थ नॉड-2 नावाचा जीन. आतड्यातल्या जिवाणूंची चाहूल घेणारा. जर्मनीत 2004 मध्ये त्यातले काही बदल धोका वाढवतात असं दिसलं. पण ते बदल युरोपीय लोकांत आढळणारे, आपल्याकडे फार विरळ. तिकडचा नकाशा घेऊन बुंदेलखंडात गाडी चालवता येत नाही.

वयाचंही ऐका. आपण जसजसे म्हातारे होतो तसतशी रक्ताच्या काही स्टेम सेलमध्ये जन्मानंतर झालेली बदलाची खूण उमटते आणि तिचा वंश वाढत जातो. 2019 मध्ये पंचावन्नच्या पुढच्या दात्यांचा अभ्यास झाला, त्यात ज्यांच्या रक्तात अशा खुणा होत्या त्यांच्या रुग्णांना दीर्घकाळचा जीव्हीएचडी जास्त झाला. म्हणजे जीन्स नुसते आईबापांकडून येतात असं नाही, थोडे आपणही बिघडवून पुढे देतो. मी पन्नाशीचा दाता. वाचून क्षणभर कपाळावर हात गेला. पण त्या वेळी दुसरा पर्याय होता तो सत्तेचाळीस वर्षांचा, दोन मुलांच्या आठवणीसकट. एक धोका टाळायला दुसरा पत्करायचा, एवढंच निवडीत असतं. माझ्याऐवजी बहिणीच्या पेशी दिल्या असत्या तर धाकट्याचं काय झालं असतं? हजार रुग्णांबद्दल डॉक्टर सांगू शकतात, एकाबद्दल नाही. हे आम्ही तिघांनी एकमेकांना मोठ्यानं म्हणायला दोन वर्षं लागली.

आता ज्यांच्या घरात कुणीच जुळत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे आत्ये-मामेभावंडांत लग्न होतात, मामाशीही काही ठिकाणी. त्याचे तोटे सगळ्यांना माहीत आहेत. पण अशा घरांत एकच गठ्ठा दोन्ही बाजूंनी फिरून येऊ शकतो, म्हणून आईवडील किंवा चुलत-मावस-आत्येभावंडंही पूर्ण जुळण्याची शक्यता वाढते. तेव्हा घरात असं लग्न असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा, लाजू नका. जातीबाहेर लग्न न करण्याचाही इथे संबंध येतो. 2017 मध्ये दक्षिण आशियातल्या 263 समाजगटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांतले 81 गट पूर्वी इतक्या कमी माणसांपासून वाढलेले निघाले की फिनलंडच्या लोकांनाही मागे टाकतील. आपले एचएलएचे गठ्ठे असे आपापल्या वाड्यात कोंडलेले आहेत. जगभरच्या नोंदणीत चार कोटींहून जास्त दाते आहेत, पण त्यांत आपली माणसं थोडी, म्हणून आपल्या रुग्णाला परका दाता जुळणं अवघड. आणि परका दाता दहापैकी दहा जुळला तरी एचएलए-डीपी नावाचं एक तबक बहुतेक वेळा वेगळंच असतं. आता तेही मोजता येतं: फरक चालण्यासारखा आहे की त्रास देणारा.

आणखी एक वाट आहे. अर्धं जुळणारा दाता: आई, बाप, मुलगा, मुलगी. पूर्वी हे अशक्य मानत. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड द्यायची पद्धत बसवली. जे पहारेकरी येताक्षणी भडकून वाढायला लागतात तेच नेमके त्या औषधानं मरतात, शांत बसलेले वाचतात. जुनं, स्वस्त औषध. आपल्या देशात यामुळे कितीतरी घरांना दाता घरातच मिळायला लागला.

धाकट्याचं सांगतो आणि थांबतो. स्टिरॉइडनं जुलाब आटोक्यात आले, त्याला दोन महिने लागले. नंतर दीर्घकाळचा प्रकार मागे लागला: डोळे कोरडे, तोंड कोरडं, कातडी ओढल्यासारखी. आजही खिशात डोळ्यांचे थेंब असतात आणि तिखट खाल्लं की तोंड पोळतं. कोल्हापूरच्या सासुरवाडीत हे फार गैरसोयीचं. ल्यूकेमिया परत आला नाही. त्याचा रक्तगट ए होता, आता माझ्यासारखा बी आहे. रक्ताची डीएनए तपासणी केली तर रिपोर्टमध्ये मी येतो. तो म्हणतो, दादा, कधी गुन्हा केला तर रक्त सांडून जाईन, पकडतील तुला.

मागच्या हिवाळ्यात तो आणि बहीण दोघंही झाशीला आले होते. बहिणीचा धाकटा मुलगा सोबत होता. जेवताना त्यानं सहज सांगितलं की कॉलेजच्या कॅम्पमध्ये त्यानं गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून स्टेम सेल दात्यांच्या यादीत नाव घातलंय. बहिणीनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "याला कुणी नाही म्हणणार नाही." आणि धाकट्याच्या ताटात बिनतिखटाची भाजी वाढली.